पूर ओसरतो, रोग उरतो

पावसाळ्यात शुकनदीस पूर आला की खारेपाटणची बाजारपेठ पाण्याखाली जाते, हे आमच्या व्यापारी वाचकांस नव्याने सांगावयास नको. पाणी ओसरताच मोजदाद होते ती भिजलेल्या मालाची; त्या चिखलात अनवाणी उतरून पेठ साफ करणाऱ्या मजुराच्या प्रकृतीची मोजदाद कोण करतो? उंदरांच्या मूत्रातील लेप्टोस्पायरा हा जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या लहानशा जखमेवाटे शरीरात शिरतो. आठवड्या-दोन आठवड्यांत ताप येतो. उपचारास विलंब झाल्यास मूत्रपिंडे व यकृत बिघडून प्राणही जातो.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि मागाहून मुंबईच्या झोपडवस्त्यांतून हाच रोग बळावला. पाऊस सर्वांवर सारखा पडला; आजारी मात्र गरीब अधिक पडले. यास दैव म्हणणे हा निव्वळ आळस होय.

उपाय ठाऊक आहेत व स्वस्तही आहेत. पावसापूर्वी गटारे उपसावीत, सांडलेले धान्य व कचरा उंदरांस ठेवू नये, मजुरांस रबरी बूट द्यावेत, ताप येताच त्यांस सरकारी दवाखान्यात पाठवावे. ज्याच्या पाठीवरून आपला माल दुकानात येतो, त्याचे पाय चिखलात सोडून देणे न्यायाचे तर नव्हेच, पण व्यापारी शहाणपणाचेही नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.