सुट्या पैशांचा धनी कोण?

‘मोड नाही’ हे दोन शब्द ज्याने ऐकले नाहीत असा माणूस महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. एसटीचा कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर राहिलेले पैसे लिहून देई आणि उतरण्याच्या घाईत ते मागायचे आपण हमखास विसरत असू. वाणी रुपयाऐवजी दोन गोळ्या हातावर ठेवी आणि त्या गोळ्या त्यालाच परत दिल्या तर मात्र घेत नसे. आता तक्रार उलट्या बाजूने येते. दहा रुपयांचे नाणे पुढे केले की ‘हे चालत नाही, नोट द्या’ असे ऐकू येते. २०१६ पासून मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाल्यावर तर नाणी पाडायचीच कशाला, असेही विचारले जाऊ लागले आहे. हा प्रश्न मला वाटतो तितका साधा नाही, आणि त्याचे निम्मे उत्तर मुंबईच्या टांकसाळीच्या इतिहासात आहे.

फोर्टात एशियाटिकच्या पायऱ्यांपासून चार पावलांवर ही टांकसाळ उभी आहे. समोर रिझर्व्ह बँक. बॉम्बे इंजिनिअर्समधील जॉन हॉकिन्स या अधिकाऱ्याने १८२४ ते १८२९ या काळात ही खांबांची इमारत बांधली आणि वाफेवर चालणारी यंत्रे थेट इंग्लंडहून आणवली. पण मुंबईत नाणी त्याच्या दीडशे वर्षे आधीपासून पडत होती. गव्हर्नर ऑन्जियरने १६७२ मध्ये चांदीची ‘अँजेलिना’, तांब्याची ‘कॉपरून’ आणि कथलाची ‘टिनी’ अशी नाणी काढली. नावे झोकदार होती, धातूही होता. परंतु बेटाबाहेरच्या व्यापाऱ्याला ती नकोच होती. त्याला सुरतेचा मुघल रुपया ओळखीचा होता. अखेर १७१७ मध्ये फर्रुखसियर बादशहाचे फर्मान मिळवून कंपनीने मुंबईत मुघल पद्धतीचा रुपया पाडायला घेतला, तेव्हा कुठे तिचे नाणे देशात चालू लागले. नाणे चालते ते घेणाऱ्याच्या विश्वासावर, ही गोष्ट कंपनीला कळायला पंचेचाळीस वर्षे लागली.

आपल्याकडे तर तेव्हा नाण्यांचा बाजारच होता. शिवराई, अंकुशी रुपया, चांदवडी रुपया; एका टांकसाळीचे नाणे दुसऱ्या पेठेत न्यायचे तर सराफ बट्टा कापून घेई. ‘नावाला बट्टा लागणे’ हा आपला शब्दप्रयोग ऐकला की मला तो सराफाचा कट्टाच आठवतो. हा बट्टा भरायचा कोणी? हुंडीवर व्यवहार करणाऱ्या सावकाराला त्याची झळ फारशी नव्हती. सारा भरणारा शेतकरी आणि रोख मजुरी घेणारा हमाल, यांच्याच पदरातून तो जाई. १८३५ मध्ये कंपनीने आपल्या साऱ्या मुलखासाठी एकाच वजनाचा, बरोबर तोळाभराचा रुपया केला. तो घराघरांत इतका भरवशाचा ठरला की कित्येक आज्या औषधाची मुळी रुपयाच्या वजनाने मोजत.

त्या रुपयात रुपयाची चांदी होती. कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे आणि रुपये पाडून आणावेत, अशी मुभाच होती. चांदीचा भाव जगभर कोसळू लागला, तेव्हा १८९३ मध्ये सरकारने ही मुभा बंद केली. माझ्या मते आपल्या चलनाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना, आणि शाळेच्या पुस्तकात तिला एक ओळही नसते. त्या दिवसापासून रुपया हा चांदीचा तुकडा राहिला नाही. चांदीवर लिहिलेले सरकारचे वचन झाला. पुढे दुसऱ्या महायुद्धात लोक रुपये दडवू लागले, तेव्हा १९४० मध्ये त्यातली चांदी अकरा द्वादशांशांवरून निम्म्यावर आणली, एक रुपयाची नोटही काढली. १९४७ मध्ये उरलेली चांदीही गेली आणि निकेल आले.

तेव्हापासून टांकसाळीची कसरत एकच आहे. नाण्यातला धातू नाण्याच्या किमतीपेक्षा महाग झाला की नाणे भट्टीत जाते. १९९२ मध्ये आलेले पाच रुपयांचे तांबे-निकेलचे जाडजूड, नऊ ग्रॅमचे नाणे आठवते ना? ती नाणी वितळवण्यासाठी सीमेपलीकडे नेली जात असल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत होत्या. नाणी वितळवणे गुन्हा आहे, पण कायद्याने धातूचा भाव उतरत नाही. मग पोलादाचे सहा ग्रॅमचे नाणे आले. मध्यंतरी तर आपल्या टांकसाळी इतक्या अपुऱ्या पडल्या की १९८५ मध्ये आणि पुन्हा १९९० च्या दशकाअखेरीस परदेशी टांकसाळींतून नाणी पाडून आणावी लागली.

या काटकसरीत एका माणसाचा विचार मागे पडला. जुन्या चिल्लरीत पाच पैसे चौकोनी, दहा पैसे कातरलेल्या कडांचे, वीस पैसे षट्कोनी आणि १९९२ चे दोन रुपये अकरा बाजूंचे होते. डोळ्यांनी अधू असलेला माणूस खिशात बोट घालून बिनचूक पैसे काढू शके. पुढे सगळे पोलादी आणि गोल झाले. २०११ चे दोन रुपयांचे नाणे घ्या आणि त्याआधीच्या मालिकेतले एक रुपयाचे घ्या: व्यास २५ मिलिमीटर, वजन ४.८५ ग्रॅम, दोन्ही सारखेच. डोळस माणूसही संध्याकाळच्या अंधूक उजेडात फसतो. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या मालिकेत अंध व्यक्तींचा विचार केला गेला, वीस रुपयांचे नाणे बारा बाजूंचे झाले, हे चांगलेच झाले. पण जुनी नाणीही त्याच गल्ल्यात खुळखुळत राहणार आहेत.

आता खर्चाचे पाहू. २०१८ मध्ये माहिती अधिकारात बाहेर आलेल्या आकड्यांनुसार एक रुपयाचे नाणे पाडायला १ रुपया ११ पैसे आणि दहाचे पाडायला ५ रुपये ५४ पैसे लागत होते. ‘रुपया पाडायला रुपयाहून जास्त खर्च, मग हा आतबट्ट्याचा धंदा हवाच कशाला?’ असा युक्तिवाद लगेच झाला. मला तो पटत नाही. नोट काही वर्षांत फाटते. नाणे पंधरा-वीस वर्षे हजारो हातांतून फिरते. शिवाय रुपया नाहीसा झाला की भाव काही खाली येऊन पूर्णांक होत नाहीत. ते नेहमी वरच जातात. २०११ च्या ३० जूनला पंचवीस पैसे बंद झाले तेव्हा सव्वा रुपयाची दक्षिणा गेली आणि थेट अकरा रुपयांवर पोचली. गुरुजींचे भले झाले, हा भाग वेगळा. पण कोथिंबिरीच्या जुडीचे, वडापावचे, रिक्षाच्या मीटरचे जे होते ते गमतीचे नाही.

जानेवारी २०१८ मध्ये गोदामे भरून गेल्यामुळे मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चारही टांकसाळींतले काम काही दिवस थांबवावे लागले. एकीकडे गोदामात रास, दुसरीकडे दुकानात ‘मोड नाही’. म्हणजे दुखणे टांकसाळीच्या पुढे, वाटपात आहे. नाणी पाडायची सरकारने, वाटायची रिझर्व्ह बँकेने आणि शाखेत मोजायची रोखपालाने. त्या बिचाऱ्याला एक पिशवी मोजण्यापेक्षा दहा धनादेश वटवणे सोपे. नाणेविषयक कायद्याप्रमाणे एक रुपयाची व त्याहून मोठ्या किमतीची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत वैध चलन आहेत. दहा रुपयांच्या नाण्याचे चौदाही नमुने खरे आहेत, असे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच जाहीर केले. तरी भाजीवाली ते नाकारते, कारण तिच्याकडून ते पुढे कोणी घेत नाही आणि बँकेत तिला अर्धा दिवस मोडावा लागतो. तिला अडाणी ठरवण्यापूर्वी आपण सुरतेच्या रुपयाची ओळख मागणाऱ्या त्या व्यापाऱ्याची आठवण ठेवावी.

फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बारा शहरांत एक प्रयोग जाहीर केला: यंत्रावरचा क्यूआर कोड मोबाइलने टिपायचा, खात्यातून पैसे वळते होतात आणि हवी ती नाणी बाहेर पडतात. कल्पना चांगली आहे. मात्र रोज संध्याकाळी नाण्यांची पुरचुंडी घेऊन घरी जाणाऱ्या बाईला नाणी द्यायची आहेत, घ्यायची नाहीत. ती घेऊन नोट परत देणारे यंत्र रेल्वे स्थानकांवर आणि मंडयांत लागेल, तेव्हा दादरच्या फूलबाजारात दहाचे नाणे कोणी परत करते का, हे मला जाऊन पाहायचे आहे.