उळ्याची पारख

नाशिक जिल्ह्यांत कांद्याच्या भावाची जितकी चर्चा होते, तिच्या दशांशानेंहि कांद्याच्या बियाची, म्हणजे उळ्याची, होत नाहीं. लासलगांवच्या बाजारांत आज काय भाव निघाला हें शाळकरी मुलासहि ठाऊक असतें. परंतु वाफ्यांत टाकलेलें उळें कोणत्या वाणाचें, किती जुनें व शेंकडा किती उगवणारें होतें, असें विचारलें असतां जाणते पालकहि "ओळखीच्या दुकानांतून आणलें" एवढेंच सांगतात. ओळख दुकानदाराची असते, बियाची नव्हे. ज्या जिनसेवर कुटुंबाचें सबंध वर्ष अवलंबून, तिची परीक्षा पेरण्यापूर्वीं झालीच पाहिजे, असें आमचें मत आहे.

बियासंबंधीं प्रश्न दोन. तें जिवंत आहे काय, हा पहिला. आणि तें सांगितलेल्या वाणाचेंच आहे काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर सोपें आहे. कांद्याचें बीं मोठें अल्पायुषी. आपल्या पावसाळी हवेंत उघडें राहिलें तर वर्षभरांत त्याची उगवणशक्ति झपाट्यानें उतरते, आणि जुनें व नवें एकत्र मिसळलें तर डोळ्यांस भेद दिसत नाहीं, दोन्ही काळींच. बीजपरीक्षणशाळेंत ४०० दाणे मोजून, शंभराशंभराचे चार वांटे करून, ते ओल्या कागदावर १५ ते २० अंश उष्णतामानांत ठेवितात; सहाव्या दिवशीं पहिली व बाराव्या दिवशीं शेवटची मोजणी होते. प्रमाणित उळ्याचे शेंकडा ७० तरी दाणे उगवले पाहिजेत असा नियम आहे. गव्हास हेंच प्रमाण ८५ आहे. यांत कठीण असें कांहींच नाहीं. शंभर दाणे, ओला टीपकागद, वर झांकण्यास ताट आणि बारा दिवसांचा धीर, एवढ्या सामग्रीवर कोणताहि विद्यार्थी वा विद्यार्थिनी ही परीक्षा घरीं करूं शकेल. (टंचाई असलीच तर धीराची!)

दुसरा प्रश्न खरा अवघड, आणि खरें नुकसान तेथेंच होतें. निफाडचा एन-५३ हा खरीपाचा, पोळ कांद्याचा वाण. पिंपळगांव बसवंतचा एन-२-४-१ हा रब्बीचा, उन्हाळ कांद्याचा. दोहोंचें बीं सारखें, रोपहि जवळजवळ सारखें. खरीपाचें उळें उन्हाळ म्हणून कोणी गळ्यांत बांधलें, तर तें उत्तम उगवेल. पहिल्या परीक्षेंत शंभरापैकीं नव्वद गुणहि मिळवील. फसगत कळते ती शेतांत डेंगळे व जोडकांदे दिसूं लागतात तेव्हां, किंवा त्याहूनहि पुढें, चाळींत भरलेला माल सडूं लागतो तेव्हां. तोंपर्यंत मजुरी, खत, पाणी आणि कर्जाचें व्याज, सर्व देऊन झालेलें असतें.

ही भेसळ नेहमींच लबाडीची असते असें मात्र नाहीं. कांद्याच्या फुलांत पराग आधीं गळतो व स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणून मधमाशी दुसऱ्या फुलाचा पराग आणते, आणि तो शेजाऱ्याच्या बांधापलीकडचाहि असूं शकतो. यासाठींच पायाभूत बियाचा प्लॉट दुसऱ्या वाणापासून १००० मीटर व प्रमाणित बियाचा ५०० मीटर दूर असावा असा दंडक आहे. आपल्याकडील लहान लहान शेतांत हें अंतर राखणें किती कठीण, तें सांगावयास नको. शिवाय आलेला गुण तत्काळ दिसतोच असें नाहीं. ब्रनो येथील मठांत राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेल यांनीं १८६६ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत याचा उलगडा आहे. गोल व सुरकुतलेल्या वाटाण्यांचा संकर केला असतां पहिल्या पिढीत सर्व दाणे गोल निघाले; दुसऱ्या पिढीच्या ७३२४ दाण्यांत मात्र ५४७४ गोल व १८५० सुरकुतलेले, म्हणजे तिनास एक, असे निघाले. सुरकुती नाहींशी झाली नव्हती, लपली होती. तांबड्या कांद्याच्या शेतांत मधूनच पांढरा कांदा निघतो तोहि बहुधा असाच लपलेला वारसा होय.

लपलेलें ओळखण्यास पूर्वीं पीक वाढवून पाहण्यावांचून उपाय नव्हता. १९२५ सालीं कॅलिफोर्नियांत हेन्री जोन्स यांस परागहीन कांद्याचें एक झाड सांपडलें. त्यांतून पुढें संकरित कांदा निघाला, आणि हा गुण कसा उतरतो याचा खुलासा १९४३ सालीं झाला. असा गुण एखाद्या वाणांत आहे कीं नाहीं हें संकर करून ठरविण्यास चार ते आठ वर्षें लागत, कारण कांदा दुसऱ्या वर्षीं फुलणारा. आज कोंवळ्या पानाच्या तुकड्यांतून डी.एन.ए. काढून पी.सी.आर. यंत्रानें तोच निर्णय अल्पावधींत होतो.

कोणी म्हणतील, आजोबांस कोणती प्रयोगशाळा होती? आजोबा चाळींतून उत्तम टिकलेले, एकडोळी, घट्ट मानेचे कांदे स्वतः निवडून बियासाठीं लावीत. ती परीक्षाच होती, आणि वर सांगितलेले वाण अशाच निवडींतून घडले आहेत. घरचें बीं राखण्याचा व छापील नांवाशिवाय विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्यानेंहि मान्य केला आहे. फक्त निवड दहावीस कांद्यांवर आटोपूं नये. थोड्या कांद्यांचें बीं पिढ्यान्‌पिढ्या धरिल्यास वाण दुबळा होतो.

१९६६ च्या बियाणें कायद्यानें प्रमाणीकरण ऐच्छिक ठेविलें. कांद्यापुरती तरी ही मोकळीक आम्हांस पटत नाहीं. वाणाची शुद्धता डी.एन.ए. परीक्षेनें तपासल्यावांचून एकहि पिशवी या जिल्ह्यांत विकली जाऊं नये, आणि तो खर्च विकणारानें सोसावा. तें घडेपर्यंत पालकांनीं पावती, रिकामी पिशवी व मूठभर उळें हंगाम संपेतों जपून ठेवावें. तक्रारीच्या वेळीं तोंडी शब्दास कोणी विचारीत नाहीं. आणि उगवणीची परीक्षा शाळेच्या विज्ञानशाळेंत व्हावी. रब्बीचें उळें टाकण्यापूर्वीं प्रत्येकानें घरून शंभर दाणे, पुडीवर वाणाचें नांव घालून, आणावे; बाराव्या दिवशीं मोजणी करून आंकडे फळ्यावर लिहितां येतील.