हुबेहूब नाही, पण बाबाच

बाबांना जाऊन आता वर्ष होईल. आईला भिंतीवर लावायला त्यांचा मोठा फोटो हवा होता. घरात सापडला तो ओळखपत्रावरचा, इंचभराचा. मोठा करायला गेलो तर चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन! कॉम्प्युटरवर पोट भरणाऱ्याची ही गत. शेवटी शाईची बाटली, जाड कागद आणि एक गोल ब्रश आणला आणि विठ्ठलवाडीच्या घरात रविवार त्यात घालवू लागलो.

पाणी घालून पातळ केलेली शाई म्हणजे 'अन्डू' नसलेलं सॉफ्टवेअर. कागद ओला असेपर्यंत ती वाटेल तिकडे पसरते, आणि एकदा वाळली की जागची हलत नाही.

आपल्याकडे चांगलं पोर्ट्रेट म्हणजे हुबेहूब. सावळाराम हळदणकरांनी मुलीला दिवा घेऊन उभं करून 'ग्लो ऑफ होप' रंगवलं. म्हैसूरला ते बघणारा थक्क होतो, आणि व्हावंच. पण तीच पट्टी घेऊन रवींद्रनाथांचे शाईतले चेहरे मोजायला गेलं की लोक म्हणतात, "ह्यांना चित्र येत नसणार." बरं, रवींद्रनाथ चित्रकला शिकले नव्हते, मान्य. पण अकबर पदमसी? ते तर जे. जे.त शिकलेले. त्यांनीही आयुष्यभर अशी डोकी काढली जी कुणाचीच नाहीत, तरी ओळखीची वाटतात. म्हणजे प्रश्न येण्या-न येण्याचा नाहीच. माणूस दिसायचा कसा हे एक, आणि तो समोर बसला की आपल्याला काय वाटायचं हे दुसरं. पसरणारी शाई ह्या दुसऱ्याच्या कामाची.

अर्थात प्रत्येक डाग म्हणजे भावना नव्हे. माझे वाया गेलेले तीसेक कागद त्याला साक्षी आहेत. कवटीची ठेवण हाताला कळली नसेल, तर डाग तो डागच.

एका कागदावर मात्र पाणी जास्त झालं आणि डोळ्यांखालची शाई गालापर्यंत ओघळली. फेकणार होतो. आईने हातातून घेतला, बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "नाक चुकलंय. पण रात्रपाळीहून आले की अस्सेच बसायचे रे."

भिंतीवर शेवटी फोटोच लागला, अंधुक तर अंधुक. हार त्यालाच घालतात. तो कागद आईने कपाटात, तिच्या साड्यांखाली ठेवलाय.