वडिलांची मोटार : जपावी कीं चालवावी?

आपल्या वार्षिकांत शिक्षकांनीं लिहावयाचे विषय बहुधा ठरलेले असतात. शिस्त, वाचन, वेळेचा सदुपयोग, परीक्षेची तयारी यांपैकीं एखादा विषय घेऊन मींहि यापूर्वीं लिहिलें आहे. यंदा मात्र एका जुन्या मोटारीविषयीं लिहावयाचें योजिलें आहे. गेलीं कांहीं वर्षें रोज सकाळीं शाळेच्या फाटकाशीं जी फिकट निळी गाडी येऊन थांबते, आणि जिच्याभोंवतीं पांचवीचीं मुलें गोळा होतात, तीच ही. "सर, नवी गाडी कां घेत नाहीं?" हा प्रश्न मला इतक्या वेळां विचारण्यांत आला आहे कीं, त्याचें उत्तर एकदां लेखी देणें बरें. शिवाय हा प्रश्न केवळ मोटारीचा नाहीं. वाडवडिलांकडून आलेल्या वस्तूचें वारसानें करावें तरी काय, हा त्यामागील खरा प्रश्न आहे. आणि त्याविषयींचें माझें मत बऱ्याच खर्चिक अनुभवानें बनलेलें आहे.

ही गाडी १९६८ सालची 'फियाट ११०० डिलाइट' होय. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीनें ती मुंबईंत कुर्ला येथील कारखान्यांत बांधली. मूळ आराखडा इटलीचा. हिच्या आधींच्या गोलसर फियाटला आपल्याकडे लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. हिच्या पुढच्या अवताराला 'प्रीमियर पद्मिनी' हें नांव मिळालें, आणि काळीपिवळी टॅक्सी होऊन तिनें मुंबईच्या दोन पिढ्यांना वाहून नेलें. त्या टॅक्सींपैकीं शेवटच्या गाडीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्यें संपली. आमच्या गाडीचें इंजिन चार सिलिंडरांचें, १०८९ घनसेंटिमीटरचें. गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर. पुढचें आसन बांकासारखें सलग. आणि ब्रेक चारही चाकांना ड्रमचे.

माझे वडील कृष्णाकांठच्या एका लहान गांवीं दवाखाना चालवीत. नव्या गाडीसाठीं त्या काळीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. म्हणून त्यांनीं १९७९ सालीं अकरा वर्षें वापरलेली ही गाडी घेतली. रात्रीं-अपरात्रीं अडलेल्या बाईला जिल्ह्याच्या रुग्णालयांत पोंचविणें, हें तिचें मुख्य काम. मागच्या आसनावर एक मुलगी वाटेंतच जन्मास आली. ती आतां स्वतः आई झाली आहे. दृष्टी अधू झाल्यावर, २००९ सालीं, बाबांनीं चावी खुंटीला अडकविली. २०१६ सालीं ते वारले. गाडी मात्र पडवीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्यें, अंगावर ताडपत्री घेऊन उभीच होती.

आम्हांला वाटे, ती सुरक्षित आहे. मार्च २०२१ मध्यें ताडपत्री काढली तेव्हां हा भ्रम फिटला. पेट्रोल आटून त्याची राळेसारखी चिकट पुटें कार्ब्युरेटरच्या छिद्रांत बसलीं होतीं. ब्रेकच्या तेलानें हवेंतील ओल शोषून घेतल्यामुळें सिलिंडर आंतून गंजले होते. रबरी नळ्या हात लावतांच तडकत होत्या. चटईखालचा पत्रा तर असा जाळीदार झाला होता कीं, त्यांतून खालची जमीन दिसावी. बाबांनीं तीस वर्षें खड्ड्यांतून पळवून जिचें इतकें नुकसान केलें नव्हतें, तिचें आम्हीं बारा वर्षें 'जपून' केलें होतें! माझ्या मताची पहिली वीट येथें बसली : यंत्र उभें राहिलें म्हणजे जपलें जात नाहीं, तें उभ्या उभ्या मरतें.

आतां माझ्या धाकट्या भावाची बाजू सांगतों, व ती तिच्या पूर्ण बळानिशीं सांगतों. कारण ती हलकी नाहीं. तो पुण्यास अभियंता आहे. त्याचें म्हणणें असें कीं, गाडी कारखान्यांतून निघाली त्या दिवशीं होती तशीच करावी, एक स्क्रूहि बदलूं नये, आणि 'व्हिंटेज' म्हणून तिची नोंद करावी. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें यासाठीं नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपांत राखलेली गाडी 'व्हीए' या मालिकेंत नोंदतां येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये व मुदत दहा वर्षें. परंतु त्याच नियमांत एक अट आहे : अशी गाडी नित्याच्या कामासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन व दुरुस्ती, एवढ्याचसाठीं ती बाहेर काढावयाची. "एकदां कापलेला मूळ पत्रा पुन्हां मूळचा होत नाहीं, दादा," तो मला म्हणाला. "आणि ही गाडी आतां कोठेंहि बनत नाहीं." हें दोन्ही खरें होतें. म्हणून आधीं त्याच्याच मताप्रमाणें करावयाचें ठरलें.

त्या कामाला चौदा महिने लागले. आमचे मेस्त्री जुन्या वळणाचे. गंजावर लांबी भरून वर रंग देण्याची सोपी वाट त्यांना दाखविणारे पुष्कळ होते. त्यांनीं मात्र कुजलेला पत्रा कापून काढला आणि नवा वेल्डिंगनें बसविला. इंजिनाचें बोअर करून घेतलें, पिस्टन व रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासून बसविले. कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारांत मीं दोन सुट्ट्या घालविल्या. एकूण खर्च दोन लाख ऐशीं हजारांवर गेला. शिक्षकाच्या पगाराला ही रक्कम शोभणारी नव्हे, हें येथें प्रांजळपणें सांगतों. पण ज्या दिवशीं इंजिन सुरू झालें, त्या दिवशीं आई घरांतून चष्मा न घालतांच अंगणांत आली. आवाज तिनें ओळखला होता.

मे २०२२ मध्यें आम्ही सर्वजण पांचगणीहून वाईकडे पसरणीच्या घाटानें उतरत होतों. आई माझ्या शेजारीं, पत्नी व मुलगी मागें. ज्या गिअरांत घाट चढाल त्याच गिअरांत उतरा, हा बाबांचा नियम. पण नव्या रंगाच्या गर्वांत मी तो विसरलों आणि वरच्या गिअरांत, ब्रेकवर भिस्त ठेवून येत होतों. एका वळणावर ब्रेकचा पाय सरळ तळाला गेला. पुन्हां दाबला, पुन्हां तळाला. हातब्रेक ओढला, गिअर खालीं आणला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीवर घातली. एक मडगार्ड चेपलें, दुसरें कांहीं झालें नाहीं. परंतु उजव्या हाताला दरी होती, आणि मागच्या आसनावर माझी नऊ वर्षांची मुलगी होती.

कारण शोधलें तें असें. वेग दुप्पट झाला कीं गतिज ऊर्जा चौपट होते, हें नववीच्या वर्गांत मी दरवर्षीं फळ्यावर लिहितों. उतारावर ही सारी ऊर्जा ब्रेकमध्यें उष्णता होऊन सांठते. ड्रम बंद डब्यासारखा. ती उष्णता लवकर बाहेर जात नाहीं, आणि तापलेला ड्रम फुगून आंतल्या लायनरपासून दूर सरकतो. त्यांत बाजारांतून नवी म्हणून आणलेली सिलिंडरमधील एक रबरी वाटी त्या उष्णतेनें फाटली व तेल गळालें. आमच्या गाडींत चारही चाकांच्या तेलाचा मार्ग एकच. एका ठिकाणीं गळती लागली कीं चारही चाकें निराधार. गाडी अगदीं मूळच्यासारखी होती. तिचा धोकाहि मूळचाच होता.

घरीं आल्यावर भाऊ आला, आणि वाद झाला. त्याचें म्हणणें, "म्हणूनच सांगतों, ही रोज चालविण्याची गाडी नव्हे." माझें म्हणणें, ब्रेक बदलावे. शेवटीं आई बोलली. ती म्हणाली, "तुमच्या बाबांनीं ही गाडी शोभेला घेतली नव्हती रे. माणसें पोंचवायला घेतली होती. नीट पोंचवीत नसेल, तर ती त्यांची गाडी कसली?"

त्या वाक्यानें वाद मिटला असें नव्हे, पण त्याला दिशा मिळाली. भावानें एक अट घातली : जें बदलाल तें परत पूर्ववत् करतां आलें पाहिजे. ती मीं आनंदानें मान्य केली. आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसविण्यासाठीं लागणाऱ्या लोखंडी आधाराचें रेखाचित्र त्यानेंच काढून दिलें. तेलाचे मार्ग पुढचा व मागचा असे दोन वेगळे केले. हे फेरफार आधीं परिवहन कार्यालयांत दाखवून, तपासणी करून घेतली. डायनामो काढून अल्टरनेटर लावला. कारण गाडी गर्दींत जागच्या जागीं धडधडत असतां डायनामो पुरेशी वीज देत नाहीं, आणि दिवे चालू असले तर बॅटरी उतरते. पुढच्या आसनाला पट्टे लावतांना फरशीला चार भोंकें पाडावीं लागलीं, खालून जाड पट्ट्याहि द्याव्या लागल्या. अट मोडते कीं काय, म्हणून मीं भावाकडे पाहिलें. तो हंसून म्हणाला, "तो पत्रा आपणच नवा घातला आहे. त्याचें मूळपण कधींच गेलें!" पुढें वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल सर्वत्र आलें, तेव्हां तें सोसणाऱ्या नळ्या घातल्या आणि मिश्रण फार विरळ होऊं नये म्हणून कार्ब्युरेटरचा जेट किंचित् मोठा बसविला. काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, कागदांत गुंडाळून, नांवाची चिठ्ठी डकवून एका लांकडी पेटींत ठेवला आहे.

दुसऱ्या टोकालाहि सल्लागार होते. एकानें सुचविलें कीं, हें जुनें इंजिन फेंकून नव्या गाडीचें घालावें. दुसऱ्यानें वातानुकूलन, रुंद चाकें व खालचा गिअर सुचविला. नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकानें करूं नये, असें मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम सांगतें, हा एक भाग झाला. पण कायदा आड आला नसता तरी मीं तें केलें नसतें. जिचा आवाज ऐकून आई अंगणांत आली, त्या गाडीचा आवाजच काढून टाकल्यावर वडिलांचें म्हणून उरलें काय? केवळ पत्र्याचें टरफल!

म्हणून माझें मत थोडक्यांत असें. वारशाच्या वस्तूंत जें जिवाला धोक्याचें आहे, तें निःशंकपणें बदलावें. जें सोयीचें आहे, तें परत काढतां येईल अशाच रीतीनें बदलावें. आणि जें त्या वस्तूचें रूप व स्वर आहे, त्याला हात लावूं नये. या तीन कसोट्या लावल्या असतां बहुतेक वाद आपोआप सुटतात.

या मताची किंमतहि सांगितली पाहिजे. मूळ स्वरूपाची अट असल्यामुळें आज आमची गाडी 'व्हीए'च्या मानास पात्र नाहीं. भावाच्या दृष्टीनें ही खरी हानि आहे, आणि ती पेटी आहे म्हणूनच तो ती सोसतो. सामान्य नोंदणी दर पांच वर्षांनीं तपासणी करून व पर्यावरण कर भरून वाढवावी लागते. शिवाय हिचा धूर नव्या गाडीइतका स्वच्छ नाहीं. ती शुद्ध करणारी यंत्रणा हिच्यांत नाहीं. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून इंजिन वेळच्या वेळीं तपासून घेतों, शाळेचे नऊ किलोमीटर व आठवड्याचा बाजार यांपलीकडे तिला नेत नाहीं, आणि ताशीं पन्नासच्या वर जात नाहीं. सर्वांनीं जुन्या गाड्या चालवाव्या, असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. ज्याच्या घरीं ती आली आहे, त्यानें तिचें काय करावें, एवढेंच मी सांगत आहें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याहि घरीं आजोबांचें घड्याळ असेल, आजीचें शिवणाचें यंत्र असेल. तें कपाटांत कुलुपांत ठेवून त्याचा अभिमान बाळगणें सोपें आहे. आणि जुनें म्हणून भंगारांत घालणें तर त्याहून सोपें. त्याला तेल द्या, चालवा, बिघडलें तर कसें बिघडलें तें समजून घ्या. त्यांत हात काळे होतील, वेळ जाईल, आणि केव्हां तरी धाकट्या भावाशीं वादहि होईल. होऊं द्यावा. आमच्या त्या वादांतूनच चांगले ब्रेक निघाले.

माझी मुलगी आतां मोठी होत आहे. गाडी पुढें तिच्याकडे जाईल, आणि गाडीबरोबर ती पेटीहि. पेटी उघडून गाडी पुन्हां मूळची करावी, कीं आहे तशीच चालवीत राहावें, हें तिचें ती ठरवील. तिला तें ठरवितां यावें, एवढी व्यवस्था आम्हीं दोघा भावांनीं करून ठेविली आहे.