तालीम मुलाला, अदब मुलीला

गेल्या महिन्यात वस्तीतल्या आमच्या बैठकीला एक आई आली. मुलगी नववी पास. "घरातले मोठे म्हणतात, आता बस झालं. कुराण वाचून झालंय, रांधता येतं, आणखी काय पाहिजे?" धाकट्या मुलाला मात्र कर्ज काढून इंग्रजी शाळेत घातलंय. तिथे धर्म आडवा आला नाही.

मैत्रिणींनो, इस्लामी शिक्षणाच्या तत्त्वज्ञानावर विद्वान खूप बोलले आहेत. 1977 साली मक्केत मुस्लिम शिक्षणाची पहिली जागतिक परिषद भरली. तिथे नकीब अल-अत्तास यांनी मांडलं, की शिक्षण म्हणजे नुसती तालीम नव्हे, 'तादीब'. माणसाच्या अंगी अदब बाणवणं. आधुनिक शिक्षणाने ज्ञान आणि नीती यांची फारकत केली, ही त्यांची तक्रार मला खोटी वाटत नाही. (समाजकार्याच्या वर्गात मीही गरिबी तक्त्यांतूनच शिकले!) पण ही अदब आमच्या गल्लीत पोचेपर्यंत एकट्या मुलीच्याच वाट्याला कशी येते? आणि तिचा अर्थ 'मान खाली घाल' एवढाच कसा उरतो?

बेगम रुकैया यांनी 1911 साली कलकत्त्यात आठ मुलींना घेऊन शाळा सुरू केली. मुलींना आणायची गाडी इतकी बंदिस्त, की आत मुली बेशुद्ध पडत. म्हणून पडदे लावले, तर वाऱ्याने पडदा उडतो अशी तक्रारीची पत्रं आली! आज अफगाणिस्तानात 2021 पासून सहावीपुढे मुलींना शाळा बंद आहे, 2022 च्या डिसेंबरपासून विद्यापीठंही. तिकडे इराण-मलेशियातली विद्यापीठं मुलींनी भरलेली. धर्म एकच ना? मग अडवतंय कोण?

आणि 2022 मध्ये कर्नाटकात हिजाबवरून मुलींना कॉलेजच्या फाटकाबाहेर उभं केलं, तेव्हा टाळ्या पिटणाऱ्यांनी मुस्लिम स्त्रीच्या उद्धाराची भाषा आम्हाला शिकवू नये. त्यांनीही मुलीचं शिक्षणच अडवलं.

त्या आईच्या घरी गेले, तर सासरे म्हणाले, "बाहेरच्या बाईने दीनच्या गोष्टीत बोलू नये." मी बाहेरची? याच गल्लीतल्या मशिदीत मी कुराण वाचायला शिकले. त्यातला सर्वांत आधी उतरलेला शब्द 'इक्रा', म्हणजे वाच. तो मी त्यांना ऐकवला. ते उठून आत गेले.

दहावीचा फॉर्म आणून ठेवलाय. बापाची सही तेवढी राहिली आहे.