पूर्वजांची आरास

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या घराण्यांना कुलवृत्तांत छापण्याची मोठी हौस आहे. हौसेला आमचा विरोध नाही. परंतु तिच्यातून जे ग्रंथ बाहेर पडतात, त्यांतील बहुतेकांना वृत्तांत म्हणावे की स्तुतिपाठ, हे एकदा स्पष्ट विचारले पाहिजे.

मूळ पुरुष शिंदे-होळकरांच्या फौजेबरोबर उत्तरेत आला, किंवा व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावरास गेला. त्याने पराक्रम केला, त्यास इनाम मिळाले. बस्स! कोणत्या साली, कोणत्या हुद्द्यावर, कोणत्या कागदाच्या आधारे, हे विचारू नये. त्याच फौजेबरोबर आचारी होते, मोतद्दार होते, कारकून होते. त्यांचे वंशज कोठे गेले कोण जाणे! सारीच घराणी सरदारांची निघाली, तर भाकरी भाजली कोणी?

यावर ठरलेले उत्तर असे की, साधनेच उपलब्ध नाहीत. हे खरे नव्हे. पुण्यास पेशवे दप्तर आहे. रियासतकार सरदेसायांनी त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले आहेत. तंजावरच्या सरस्वती महालात मराठी राजवटीचे मोडी कागद आहेत. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनपुढे इनामदारांना आपला हक्क कागदानिशी शाबीत करावा लागला. त्या निमित्ताने वंशावळीही दप्तरी दाखल झाल्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. ज्यांच्या घरी सनद कधी आलीच नाही, अशा दक्षिणेकडील कित्येक शेतकरी कुळांच्या पिढ्या हेळव्यांनी सांभाळल्या आहेत. उणीव साधनांची नाही, वाचण्याच्या कष्टांची आहे. मोडी शिकावी लागते. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळविल्यावाचून इसवी सन निघत नाही. त्यापेक्षा आजोबांच्या तोंडची आख्यायिका छापणे सोपे!

दुसरा दोष याहून गंभीर आहे. या ग्रंथांतील वंशवृक्षांना पुष्कळदा केवळ पुरुषांचीच पाने फुटतात. मुलगी सासरी गेली की वृक्षातून गळाली. सून आली तर सासरच्या नावाने, माहेर पुसून. विचारले तर परंपरेचा हवाला मिळतो. कोणती परंपरा? श्राद्धात आई, आजी आणि पणजी यांचा नावानिशी उच्चार होतो. आईच्या बापाची, आजाची, पणजाची सपत्नीक आठवण होते. महालयात तर आत्या, मावशी आणि बहीण यांनाही पिंड आहे. जी नावे धर्मकृत्यात चालतात, ती छापखान्यात का चालू नयेत? दोष परंपरेचा नाही, संपादकांच्या आळसाचा आहे. त्यांनी घरातल्या वृद्ध आत्याला विचारलेच नाही.

म्हणून संपादक मंडळांना आमचे सांगणे असे. प्रथम हयात वृद्धांकडून, विशेषतः वृद्ध स्त्रियांकडून, नावे, गावे, सोयरिकी लिहून घ्या. प्रत्येक स्त्रीचे माहेरचे नाव व आडनाव नोंदवा. माळ्यावरच्या रुमालांतील कागद वाळवीच्या हवाली करण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घ्या, जाणत्याकडून लिप्यंतर करवा आणि मूळ कागद एखाद्या संशोधन संस्थेकडे सोपवा. प्रत्येक विधानापुढे त्याचा आधार लिहा. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणा. दत्तक असेल तर दत्तक म्हणा. त्यात लाज कसली? दिवाळे निघाले असेल, कोणी घर सोडून गेला असेल, तेही लिहा.

घराण्याची अब्रू जाईल, अशी भीती कोणी घालतील. कारकुनाच्या वंशात जन्मल्याने कोणाची अब्रू गेल्याचे आम्ही ऐकलेले नाही. मात्र खोट्या सरदारकीचे पितळ पुढच्या पिढीतला एखादा मोडी जाणणारा पोरगा उघडे पाडील, तेव्हा ती खचित जाईल. परप्रांतात आपल्या भाषेचा पाया आधीच अरुंद आहे. त्यावर आरास नको, खरी वीट हवी.