मुंबईचे नाव, तेलाचे भांडवल

२०२३-२४च्या आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीने सहाही सामने गमावले. दोष खेळाडूंच्या माथी मारणे म्हणजे ताळेबंद न वाचता गुमास्त्याला बोल लावणे होय. रियाधला ज्या अल हिलालने ६-० असा धुव्वा उडवला, तिचा ७५ टक्के हिस्सा २०२३मध्येच सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीने घेतला होता. मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा २०१९पासून अबू धाबीच्या शेख मन्सूर यांच्या समूहाकडे होता. तेलाचा पैसा दोन्ही बाजूंना! आणि ‘घरचे’ सामने? दोन बालेवाडीस, एक नेरुळला. खुद्द मुंबईत एकही नाही.

डिसेंबर २०२५मध्ये, देशातील लीगचे भवितव्य अनिश्चित म्हणून, हा समूह हिस्सा सोडून चालता झाला. मफतलाल, टाटा यांचे संघ कूपरेजवर खेळत, त्या मालकांचे गोडवे मी गाणार नाही. पण तेथे खेळाडूचे नाव निदान हजेरीपटावर असे.

जर्मनीत क्लबांच्या मताधिकाराचे बहुमत, काही अपवाद वगळता, सभासदांकडेच राहते. साखर कारखान्यांतील सहकाराची आपण केलेली गत मी विसरलेलो नाही. तरीही असाच कायदा येथे व्हावा, ही मागणी आपल्या पक्षाने आता उघडपणे मांडली पाहिजे.

मुरुड (जि. रत्नागिरी)